टेबलाची डावी बाजू

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. "दुखेल का?" आणि "मी मध्येच हललो तर?" गेली एकोणीस वर्षं मी ह्या दोन प्रश्नांच्या आसपास वावरतो आहे. मी डॉक्टर नाही. डोळ्यांच्या एका मध्यम हॉस्पिटलात दोन मशीन सांभाळतो, एक लेझरचं आणि दुसरं भिंगाचे तुकडे ओढून घेणारं. सकाळी सातला यायचं, दोन्ही चालू करून तपासायची, खोलीचं तापमान एकवीसवर आहे ना ते बघायचं. लेझरला उकाडा सोसत नाही. मलाही सोसत नाही, पण माझ्यासाठी कोणी तापमान बघत नाही.

प्रश्नांची उत्तरं देणं हे माझ्या बायकोचं काम. ती त्याच हॉस्पिटलात समुपदेशक होती. टेबलावर उघडता येणारा प्लॅस्टिकचा डोळा ठेवायची आणि समोरच्याला काय काय होणार ते सगळं आधीच सांगून टाकायची. तिचं बोलणं मला तोंडपाठ आहे.

"आधी नुसते थेंब. इंजेक्शन नाही. मग लेझरच्या खोलीत डोळ्यावर एक छोटी कडी बसवतात. दाबल्यासारखं वाटेल, क्षणभर काळोख होईल. घाबरायचं नाही, डोळा जागेवरच असतो. पाऊण मिनिट. तेवढ्यात लेझर भिंगाच्या पातळ पिशवीला गोल तोंड पाडतो आणि आतल्या भिंगाचे तुकडे करतो. सगळं ऑपरेशन तो करत नाही हं. अर्धवट करून ठेवतो, आमच्या ह्यांच्यासारखं." इथे ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि घाबरलेला माणूस हमखास हसायचा. "उरलेलं डॉक्टर करतात, शेजारच्या खोलीत. तोंडावर कापड असेल, खालून वारा येत राहील. तुम्हाला दिवे दिसतील, रंग दिसतील, पाण्याखालून बघतोय असं वाटेल. नवीन भिंग घडी घालून आत जातं आणि आत गेल्यावर उलगडतं. काही दिवस दिव्यांभोवती कडी दिसतील, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपेल. थेंब चुकवायचे नाहीत. आणि ऑपरेशन चालू असेपर्यंत तुमचा हात माझ्या हातात. काही वाटलं तर बोलू नका, मान हलवू नका. हात दाबा."

हे हात धरणं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिनेच सुरू केलं आणि अकरा वर्षं चालवलं. टेबलाच्या उजव्या बाजूला एका स्टुलावर बसायची, हिरव्या कापडाखाली रुग्णाचा उजवा हात धरायची. डावीकडे माझं मशीन असतं. मशीन आणि टेबल ह्यांच्यात जेमतेम एक वीत जागा. तिथे माणूस उभा राहू शकत नाही, मी स्वतः प्रयत्न करून पाहिला आहे.

हात धरला की तिचा अंगठा समोरच्याच्या बोटांच्या सांध्यांवरून फिरायचा. चार सांधे जाताना, चार येताना. हे कापडाखाली चालायचं, त्यामुळे कोणाला दिसत नसे. मला ठाऊक होतं, कारण मला ताप आला की घरीही ती तेच करायची. "काय मोजतेस?" विचारलं तर म्हणायची, "तुमचे गुण. संपले लगेच."

वीस महिन्यांपूर्वी ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. शेवटच्या दुपारी मी तिचा हात धरून बसलो होतो. बोलणं बंद झालं होतं, पण दाबलेला हात तिला कळत होता. तेवढ्यात कामावरून फोन आला. लेझर अडला होता, आत रुग्ण तयार होता. "आलोच," असं म्हणून मी हात सोडला आणि बाहेर जाऊन कुठलं बटण आधी दाबायचं ते सांगत राहिलो. चार मिनिटं. परत आलो तेव्हा तिचा हात पलंगाच्या कडेला उताणा पडला होता आणि नर्स पडदा ओढत होती.

त्या रुग्णाचं ऑपरेशन उत्तम झालं, असं नंतर कळलं. ती चार मिनिटं काही माझ्या घशाखाली उतरलेली नाहीत.

तिच्या जागी नवी सिस्टर आली. दोन मुलांची आई, कामाला चोख, बोलायला मोकळी. माझ्या बायकोला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पण हात धरायची पद्धत डॉक्टर मॅडमनी बंद पडू दिली नाही, म्हणून सिस्टर त्या स्टुलावर बसू लागली.

सात-आठ महिने गेले असतील. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या डोळ्यावरची ढापणी सकाळी काढली. भिंतीवरचं अगदी खालचं अक्षर वाचून झाल्यावर ते म्हणाले, "काल ज्या दोघी होत्या, त्यांना माझे आभार सांगा."

"दोघी कोण?" सिस्टरने विचारलं. "मी एकटीच होते."

"एकीने उजवा हात धरला होता, एकीने डावा."

सिस्टर हसली. मीही हसलो. डाव्या हाताच्या बोटाला नाडी मोजायची क्लिप असते आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा. पट्टा फुगतो, हात आवळतो. अंधारात पडलेल्या माणसाला काहीही वाटू शकतं.

पंधरा दिवसांनी शिवणकाम करणाऱ्या एका आजींनी तेच सांगितलं. मग आणखी एकाने. मी पट्टा पायाला बांधायला लावला. क्लिप बदलून हलकी आणली. तरी सांगणं थांबेना. एकदा ऑपरेशन संपल्यावर मी कापड काढलं, तर मी स्वतः तर्जनीला लावलेली क्लिप करंगळीवर होती, नीट बसवलेली. हात धरताना आड येऊ नये म्हणून सरकवावी, तशी. पडद्यावर नाडीची रेघ कुठेही तुटलेली नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग तो गवंडी आला. धिप्पाड माणूस, लेझरच्या खोलीत शिरताना थरथरत होता. दुसऱ्या दिवशी ढापणी काढल्यावर आपल्या डाव्या पंजाकडे बघत बसला.

"त्या डावीकडच्या ताई काय मोजत होत्या?" त्याने मला विचारलं.

"म्हणजे?"

"असं." त्याने स्वतःच्या बोटांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवून दाखवला. चार जाताना, चार येताना. "बरं वाटलं. त्यांचा हात जरा गार होता, पण बरं वाटलं."

मी मशीनच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडलो. एवढी वर्षं मी आकड्यांवर विश्वास ठेवून जगलेला माणूस. पण हे मोजणं हॉस्पिटलात आता माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

पुढचं ऑपरेशन एका बाईंचं होतं. मी डोळ्यांत तेल घालून त्या डाव्या हातावरच्या कापडाकडे बघत राहिलो. कापड हललं नाही. त्यावर एक आडवी चुणी होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी सांगितलं की डावीकडच्या ताईंनी एकदाही हात सोडला नाही.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं नाही, थोडंच सांगितलं.

"बाबा, आई आता नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही थोडे दिवस सुट्टी घ्या ना."

सुट्टी मला नको होती. मला त्या टेबलावर झोपायचं होतं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता, साखरेच्या कृपेने. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, अजून वर्षभर थांबता येईल. मी खोटं बोललो. म्हटलं, रात्री गाडी चालवता येत नाही, मशीनचे आकडे पुसट दिसतात. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि तारीख दिली.

मला फक्त तो हात हवा होता. दहा मिनिटं. मी तो सोडायला नको होता, एवढं तिला कळवायचं होतं आणि त्यासाठी बोलायचीही गरज नव्हती. दाबला असता तरी तिला कळलं असतं.

त्या दिवशी माझ्या जागी दुसऱ्या शाखेतला माणूस आला. लेझरच्या खोलीत सगळं तिने सांगितल्याप्रमाणे झालं. कडी बसली, दाब आला, काळोख झाला. पाऊण मिनिट. मी एकोणीस वर्षं जो आवाज बाहेरून ऐकला, तो पहिल्यांदा आडवा पडून ऐकला.

शेजारच्या खोलीत टेबलावर झोपलो, तोंडावर कापड आलं. खालून वारा. मी डावा हात उताणा केला, बोटं मोकळी सोडली आणि वाट बघू लागलो.

उजवा हात कोणीतरी धरला. सिस्टर, रोजच्या नियमाप्रमाणे.

वर तीन दिवे होते. ते पसरले, एकमेकांत मिसळले, गुलाबी झाले, मग निळे. सुंदर होते. माझं लक्ष डाव्या तळहातावर होतं. तिथे फक्त गार हवा लागत होती.

मशीनचा आवाज चढला. पहिला तुकडा गेला. मला आवाजावरून कळतं. मग दुसरा.

डावा हात रिकामा.

तिसरा तुकडा गेला. आता फार वेळ उरला नव्हता. उजवीकडचा हात मला नकोसा होऊ लागला. सिस्टरने जरा जास्तच घट्ट धरला होता, त्यामुळे माझं सगळं ध्यान तिकडे ओढलं जात होतं. उजवीकडे दुसरं कोणी असताना ही येणार तरी कशी, असंही वाटून गेलं.

त्या हाताने माझा हात एकदा दाबला.

"सोडा हो, सिस्टर," मी हळूच म्हटलं. "नको मला." आणि हात ओढून घेतला.

"हलायचं नाही!" डॉक्टर मॅडम ओरडल्या. "तुम्हाला सांगायचं का आता हे?"

थोड्या वेळाने त्याच हाताच्या मनगटावर दोन बोटं टेकली. मी मनगट झटकलं. बोटं गेली.

चौथा तुकडा गेला. नवीन भिंग आत आलं, दिवे एकदम रेखीव झाले. माझा डावा हात शेवटपर्यंत तसाच उताणा होता.

कापड निघालं. मला बाहेरच्या खोलीत आणून खुर्चीत बसवलं. ढापणीखालून पाणी येत होतं, ते थेंबांचं आहे असं सगळ्यांना वाटलं. एवढ्या अनोळखी माणसांसाठी ती आली आणि माझ्यासाठी आली नाही. चूक माझीच होती. सोडून जाणारा मी होतो.

दहा मिनिटांनी सिस्टर धावत आली. चेहऱ्यावर अपराधी भाव.

"सॉरी हं काका. तुमच्या तोंडावर कापड घातलं आणि इकडे एका आजींना चक्कर आली. पूर्ण वेळ मी त्यांच्यापाशीच अडकले. तुमच्या वेळेलाच असं व्हायचं होतं."

"मग माझा हात कोणी धरला?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर सॉरी म्हणतेय."

ह्याला चार महिने झाले. डोळा छान आहे. निळा रंग इतका निळा असतो हे मी विसरलो होतो. रोज सकाळी ढापणी काढायच्या वेळी मी त्या खोलीत जाऊन उभा राहतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, काल हात कोणी धरला होता? सगळे सिस्टरकडे बोट दाखवतात. डाव्या हाताचं नाव कोणी काढत नाही. आता मी विचारायचंही कमी केलं आहे.

काल दुपारी डॉक्टर मॅडमनी मला बोलावून घेतलं. मायक्रोस्कोपवरच्या कॅमेऱ्यात त्या ऑपरेशनं टिपून ठेवतात, शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला. माझं त्यांना दाखवायचं होतं.

"तुम्ही मध्येच बोललात तेवढं काढून टाकते. चालेल ना?"

पडद्यावर माझा डोळा होता, ताटाएवढा. मशीनचा आवाज चढत होता. तिसरा तुकडा गेला. मग माझाच आवाज आला: सोडा हो, सिस्टर. नको मला. त्यावर मॅडमचं ओरडणं. नंतर बराच वेळ नुसतं मशीन.

मग नवीन भिंग आत जाऊन उलगडू लागलं. आणि माइकच्या अगदी जवळून, हळू आवाजात, एक बाई म्हणाली, "बरं."

"सिस्टर फार समजूतदार आहे हो आपली," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तेवढा तुकडा पुसून टाकला.