वाफेच्या विमानाची झडप

झडपेचा दांडा हलेना. ठिणगीने फडका गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला, तरी तो तसूभरही उचलला गेला नाही.

"आजोबा हाच दांडा रोज सकाळी एका हाताने उचलायचे," ती म्हणाली. "फुस्स करून थोडी वाफ बाहेर आली, की मगच पुढचं काम. आज काय झालंय याला?"

सुट्टीत बसवलेलं नाटक ठिणगीच्याच गोष्टीवर होतं. त्यात वाफेवर उडणारं विमान होतं आणि त्याच्या पोटात खराखुरा बॉयलर, एका बंद पडलेल्या धुलाईखान्यातून आणलेला. आजोबांनी उभा जन्म तिथे बॉयलर सांभाळण्यात घालवला होता. हा छोटा बॉयलर त्यांनीच खपून दुरुस्त केला होता. पण तीन दिवसांपूर्वी दिग्दर्शकांनी सगळ्यांदेखत त्यांना सांगितलं, "तुमचं वय झालं, घरी आराम करा." तेव्हापासून आग घालायचं काम लाइटवाल्याकडे होतं. त्याला बॉयलर आणि बंब यांतला फरकही माहीत नव्हता.

ठिणगीचा आतेभाऊ शंकासुर पालथा पडून झडपेमागे बघत होता. विमान कसं उडेल, यावरून त्याने तिचं डोकं महिनाभर खाल्लं होतं. इतकं पाणी, इतका कोळसा घेऊन ते जमिनीवरून उठेल तरी का? म्हणून मग तिचं विमान दर तळ्यावर उतरून पाणी भरायचं आणि कोळसा संपला की खलाशी बसायच्या खुर्च्या जाळायचे. गोष्ट त्यामुळेच रंगली होती. वाफेच्या यंत्रात सगळं डोळ्यांदेखत घडतं, दट्ट्या पुढे जातो, चाक फिरतं. तिथे थाप मारली की लगेच उघडी पडते, असं ठिणगीचं मत होतं.

"तार," शंकासुर म्हणाला. "दांडा तारेने आवळून बांधलाय कोणीतरी. आणि वाफेच्या दाबाचा काटा बघ, लाल रेघेला टेकलाय."

ठिणगीने मागे वळून पाहिलं. बॉयलरला लागूनच वैमानिकाच्या खुर्चीत तिचा सहा वर्षांचा भाऊ लिंबू पट्ट्याने बांधलेला होता आणि पाय हलवत बसला होता. तालीम सुरू व्हायला पाच मिनिटं होती. ती तडक दिग्दर्शकांकडे गेली.

"काका, झडप बांधलीय. जादा वाफ जाणार कुठून? बॉयलर फुटेल."

"मीच बांधायला सांगितली," दिग्दर्शक कागदातून मान वर न करता म्हणाले. "तिच्या फुसफुसण्यात संवाद ऐकू जात नव्हते. अगं, गोष्ट आहे ही. गोष्टीत काहीही चालतं."

ठिणगीची तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या गोष्टीत चालत नाही. एक-एक खिळा विचार करून ठोकलाय मी."

"बरं बरं. लहान तोंडी मोठा घास नको. जा, जागेवर जा."

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. पण रडत बसायला वेळ नव्हता.

"शंकासुर, समोरच्या गल्लीतून आजोबांना आण. पळ. भोंग्या, माइक घे."

भोंगा म्हणजे शेजारचा मुलगा. त्याचा आवाज असा, की माइक नसता तरी चाललं असतं. काय बोलायचं ते ठिणगीने त्याच्या कानात सांगितलं. "कलाकारांनी लक्ष द्या," तो गरजला. "पेपरवाले फोटो काढायला मागच्या मैदानात आलेत. दिग्दर्शकांनी मधोमध उभं राहायचं आहे."

सगळ्यांत आधी दिग्दर्शकच बाहेर पळाले, खिशातला कंगवा काढत. त्यांच्यामागे लाइटवाला आणि बाकी झाडून सगळे गेले. ठिणगीने लिंबूचा पट्टा सोडला आणि त्याला काखोटीला मारून मैदान गाठलं.

"कुठे आहेत पेपरवाले?" दिग्दर्शक ओरडले.

कोणी उत्तर द्यायच्या आत आजोबा धापा टाकत पोचले आणि एकटेच सभागृहात शिरले. त्यांनी निखारे लोखंडी घमेल्यात ओढून काढले आणि शिट्टीच्या नळीतून थोडी थोडी वाफ सोडली. शिट्टी कितीतरी वेळ वाजत राहिली.

शेवटी आजोबा बाहेर आले. त्यांच्या हातात ती तार होती. "अजून दहा मिनिटं गेली असती, तर छप्पर राहिलं नसतं," ते म्हणाले. "पोरांनो, मी चाळीस वर्षं हे काम केलं, पण इतक्या चटकन मलाही सुचलं नसतं."

दिग्दर्शकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शाबास," ते चाचरत म्हणाले. "तुम्हाला मोठं बक्षीस द्यायला हवं. काय हवं, सांगा."

"बक्षीस नको," ठिणगी म्हणाली. "आजोबांचा सगळ्यांदेखत अपमान केलात ना? मग माफीही सगळ्यांदेखत मागा."

दिग्दर्शक खाली बघत काहीतरी पुटपुटले.

"असं नाही," ठिणगी म्हणाली. "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

दिग्दर्शकांनी मान वर केली, आजोबांसमोर हात जोडले आणि खणखणीत आवाजात माफी मागितली.