बस हितं, मी आलेच

हे घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्याने पोलादपूरवरून वर कुडपणला जावं आणि ओटीवर बसलेल्या सुनीलला विचारावं. तो तिथेच सापडेल. त्याला दुसरीकडे कुठे जाता येत नाही.

सुनील माझा मावसभाऊ. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. टळटळीत दुपार होती. आणि जागा कोणती, तर विमानतळ.

कशेडी घाट ओलांडून खाली गेलं की एक छोटा विमानतळ लागतो. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांची उगाच बदनामी नको. आपल्या महाडच्या एसटी स्टँडपेक्षाही लहान. एक दार, एक काउंटर, एक हॉल. चुकायचं म्हटलं तरी माणूस चुकणार नाही.

सुनील तिथे चुकला.

पण आधी त्याने काय केलं होतं ते ऐका. नाहीतर उगाच त्याची कीव येईल.

त्याची आई, माझी बनुमावशी, दिवाळीनंतर गेली. मागे राहिली दोघं, सुनील आणि त्याची थोरली बहीण आवडी. आवडी भोळी आहे. वय चाळिशीचं, समज लहान पोरीची. मावशीचा सगळा जीव तिच्यात अडकलेला.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. सुनीलला एमआयडीसीत दुपारची शिफ्ट गाठायची होती. तो सारखा मोबाईल बघत होता.

भावकीतले गोमाजी म्हणाले, "तिच्या मनात काय राहिलंय ते तुला ठाव हाय. बोल नि मोकळा हो."

सुनीलने हात जोडले. "आये, आवडीला मी कवा टाकणार नाय."

शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर उतरला.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. सुनीलने धोतर सोडून पँट चढवली, बाईकवर टांग टाकली आणि शिफ्टला गेला.

शिफ्ट चुकू नये म्हणून दिलेला शब्द होता तो. आम्हाला नंतर कळलं. मावशीला तेव्हाच कळलं असावं.

पुढे त्याला लांबच्या शहरात मोठ्या कंपनीत नोकरी लागली. कंपनीने विमानाचं तिकीट काढून दिलं. आवडीचं काय करायचं?

त्याने तिला नवी साडी नेसवली. महाडच्या स्टँडवर आणून बाकावर बसवलं, मांडीवर कपड्यांची पिशवी ठेवली.

"आवडे, बस हितं. मी आलोच."

आणि कशेडीकडे जाणाऱ्या गाडीत बसून निघून गेला. कोणीतरी तिला आश्रमात नेऊन सोडेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढचं सुनीलच्या तोंडचं आहे.

विमानतळाच्या दारावर जवानाने तिकीट पाहिलं, आधार कार्ड पाहिलं. मग त्याच्या मागे बघत विचारलं, "माताजी साथ में हैं?"

सुनीलने वळून पाहिलं.

मागे कोणी नव्हतं.

"अकेला हूँ," तो म्हणाला.

जवानाने पुन्हा एकदा त्याच्या मागे पाहिलं... आणि दोघांना पुरेल एवढी वाट सोडली.

आत बॅग मशीनमध्ये गेली. पट्टा थांबला. पडद्यासमोरच्या मॅडमनी विचारलं, "भात आहे का आत? गोळे केलेले?"

सुनीलने झटकन चेन ओढली. बॅग उघडली. कपडे, चार्जर, बूट. भाताचं एक शीतही नाही.

बॅग पुन्हा आत घातली. मॅडम पडद्याकडे बघतच राहिल्या...

"जा तुम्ही," एवढंच म्हणाल्या. पण पट्ट्यावरून बॅग उचलून द्यायला कोणी पुढे होईना.

हॉलमध्ये थोडे प्रवासी होते. काचेपलीकडे पंख्यांचं छोटं विमान उभं होतं. सुनील खुर्चीवर बसला. आता सुटलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात छतावर...

टिक... टिक... टिक...

पत्र्यावर कावळा चालतो ना, तसं. आवाज बरोबर त्याच्या डोक्यावर आला नि थांबला.

तो उठून तोंड धुवायला गेला. परत आला तेव्हा...

हॉल रिकामा होता.

माणूस नाही. कुजबुज नाही. एसीची घरघरसुद्धा नाही.

काचेपलीकडे सगळे विमानाकडे चालत होते. बाहेरचं दार सताड उघडं होतं. तो धावला.

आणि पोचला आपल्याच खुर्चीपाशी.

पुन्हा दार नजरेत धरून निघाला. पुन्हा तीच खुर्ची.

रानात चकवा लागतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. चार भिंतींत, दार समोर दिसत असताना लागलेला ऐकलाय?

किती फेऱ्या मारल्या त्यालाच आठवत नाही. शेवटी धाप लागून खुर्चीत टेकला.

तेव्हा स्पीकर खरखरला...

"बस हितं. मी आलेच."

आयेचा आवाज होता. शेजारच्या खुर्चीतून ओल्या लुगड्याचा, ओढ्याच्या पाण्याचा वास आला. सुनीलने उठायला जोर लावला.

पाय हललेच नाहीत.

तिथले लोक वेगळंच सांगतात. हॉल रिकामा झालाच नव्हता, म्हणतात. हा तोंड धुऊन आला आणि बसला. त्याचं नाव पुकारलं, एक मुलगी जवळ येऊन विनवून गेली. हा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून एकच बोलत होता. "उठू दे गो आये. उठू दे."

विमान गेलं. याला उचलून गाडीत घालावं लागलं.

त्याच दुपारी स्टँडवरच्या चहावाल्या चंदूचा मला फोन आला. मी धावत गेलो. आवडी बाकावर शांत बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

"घाबरली नायस ना गो?" मी विचारलं.

"कशाला घाबरू? आये व्हती की माज्याजवळ." तिने बाकावरच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. "आत्ता गेली. म्हनाली, सुन्याला बसवून येते."

सुनील कुठे आहे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मी बाकाला हात लावून पाहिला. आवडीच्या शेजारची जागा ओली होती.

डॉक्टर म्हणतात, पायात दोष नाही. मुंबईलाही नेऊन आणलं. आता तो कुडपणच्या घरात ओटीवर असतो. आवडीच त्याला भरवते, तीच उठवते-बसवते. पाण्याला जाताना लाडाने सांगून जाते, "सुन्या, बस हितं. मी आलेच." तो कानांवर हात दाबून घेतो.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. जेवायची वेळ होती. त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"दादा, आयेनं बसवला ते समजलं. पन मी आलेच म्हनाली ना... मंग ती येनार कवा?"

मी मनगट सोडवू लागलो.

तेवढ्यात वर पत्र्यावर...

टिक... टिक...

मी वर पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलं नसतं.

आवडी आतून हसत आली. तिच्या हातात एक ताट जास्तीचं होतं. ते तिने सुनीलच्या शेजारी मांडलं.