पखवाजाची कणीक

हसायचं असेल त्यांनी आताच हसून घ्या. पुढं हसायला येणार नाही.

जनूमामा माझ्या आईचा सख्खा भाऊ. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, ही आमच्या घरात जगजाहीर गोष्ट. हे सगळं त्याने मला सांगितलं तेव्हा मी त्याच्या कानांकडेच बघत होतो. नाही झाले लाल.

दिवस गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला, दुसरा गुरुवार. जागा निडी स्टेशनपासून पायी तासाभरावरची, डोंगरातली मामाची वाडी.

मामा तेव्हा एक्कावन्न वर्षांचा. रोह्याला कंपनीत शिफ्ट, आणि रविवारी गाडी पकडून पेणला, रामवाडीत पखवाजाच्या क्लासला. शिकवणारे नितेश सर अठ्ठावीसचे. क्लासमधली पोरं मामाला आजोबा म्हणायची. परीक्षेला दोनदा बसला, दोनदा आपटला. वाडीत एकच बोलणं, "जनूला म्हातारचळ लागलाय."

"या टायमाला नाय पास झालो, तर पखवाज विकून टाकीन गो," असं तो मामीला, म्हणजे भिमीला, म्हणाला होता. परीक्षा मार्चमध्ये होती.

पखवाजाचं एक असतं. त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. नाहीतर नुसता पत्र्याचा डबा. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची.

त्या गुरुवारी वाडीतल्या म्हाताऱ्या धोंडीचं बारावं होतं. संध्याकाळी भजन. नेहमीचा पखवाजवाला आलाच नाही, म्हणून बुवांनी मामाला बोलावलं. वाडीसमोर वाजवायची पहिलीच वेळ. मामा धावत गेला, बसला, पिशवीत हात घातला...

कणीक घरी राहिली होती.

मागायची तर सगळे हसणार. आजोबा कणीक विसरले! मामाला ती लाज सोसेना.

तो बसला होता त्याच्या मागंच धोंडी गेला ती जागा. तिथं रीतीप्रमाणे परातीत तांदळाचं पीठ पसरून, दिवा लावून, वर टोपली पालथी घातलेली. मेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याचा ठसा सकाळी त्या पिठात बघतात.

मामाने टोपलीखाली हात घातला. मूठभर पीठ घेतलं. तांब्यातल्या पाण्यात मळलं आणि थापलं.

कोणी बघितलं नाही.

आता, तांदळाचं पीठ असं चिकटत नाही. कुठल्याही बाईला विचारा. पण हे चिकटलं. आणि पखवाज असा घुमला, की बुवांनी मान वळवून बघितलं.

भजन झाल्यावर मामा कणीक काढायला गेला, तर ती निघेना.

आणि ती... कोमट होती. तापल्या अंगासारखी.

तशीच ठेवून तो घरी आला. सकाळी बघतो तर कणीक साफ गायब. कातडं चकाचक. मामाला बरंच वाटलं.

मग वास आला.

कसला? आठ दिवस चूळ न भरलेल्या तोंडाचा. मिश्री, आंबलेली पेज, आणि खाली सडकं असं काहीतरी. मामाने कातडं पुसलं, उन्हात ठेवलं. वास हलेना. मामी पदर नाकाला लावून म्हणाली, "काय मेलाय तुमच्या त्या ढोलक्यात?"

रविवारी भर दुपारी मामाने गव्हाची ताजी कणीक थापली, दार लोटलं आणि पाणी प्यायला आत गेला. तांब्या तोंडाला लावला, तोच आवाज आला.

चप्... चप्... चप्...

मांजर असेल म्हणून तो धावला. खोलीत कोणी नव्हतं. अर्धी कणीक संपली होती. उरलेलीवर दातांच्या खुणा नव्हत्या, नुसत्या हिरड्यांच्या. गोल, बोथट, चोखून काढल्यासारख्या. आणि कातड्यावरून जमिनीपर्यंत लाळेची तार लोंबत होती.

शी! मामा तर अंगणात जाऊन भडाभडा ओकला.

मग त्याने मामीला टोपलीची गोष्ट सांगितली. मामी कपाळावर हात मारून खालीच बसली.

"वो, धोंडीला दात नव्हतं. तुमाला म्हाईत नाय? आठ म्हैने पडून व्हता. त्याच्या पोराच्या, रमेशच्या बायकोने त्याला मागं गुरांच्या पडवीत टाकलेला. दिवसाला वाटीभर पेज. जास्त खाल्लं तर हागंल, मग धुवंल कोण, असं म्हनायची. मरायला टेकला तवा उचलून घरात आनला, लोकांना दावायला."

मामा त्याच घरातल्या पंगतीत चार वेळा बुंदी मागून जेवला होता. ती बुंदी त्याला पुन्हा घशाशी आली. भुतापेक्षा त्या घराची किळस जास्त आली, असं तो म्हणतो. मला पटतं.

परीक्षेपर्यंत मामा घरच्या पखवाजाला शिवला नाही. क्लासमधल्या पखवाजावर हात बसवला, तिथं काही झालं नाही. त्याला वाटलं, सुटलो.

परीक्षेचा दिवस. पेण, सकाळचे अकरा. समोर परीक्षक, बाजूला नितेश सर हात जोडून उभे. क्लासचा पखवाज, ताजी कणीक. मामाने चौताल धरला. छान चाललं होतं. तिसऱ्यांदा समेवर आला, डावा पंजा खाली टाकला...

पंजाखाली कणीक नव्हती.

काहीतरी मऊ, खरखरीत आणि ओलं होतं.

ते हललं.

जीभ होती ती. पंजा उचलला की कणीक चाटायची, पंजा पडला की पंजा चाटायची. बोटांच्या बेचक्यांतून. नखांच्या खालून. तोच वास नाकात भरला. मामाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं.

कणीक उतरत चालली, तसा आवाज पोकळ पडायला लागला. परीक्षकांनी भुवया वर केल्या. नितेश सरांनी डोळे मिटले.

चार वर्षांचे रविवार मातीत जाणार होते.

मामा हात थांबवू शकत नव्हता. तो ओठातल्या ओठात बोलला, "धोंडीबा, पाच मिनिटं दम धर. घरी ये. पोटभर घालीन. रोज घालीन."

चाटणं थांबलं.

मामा पास झाला. पहिल्या श्रेणीत! परीक्षक म्हणाले, "तुमचा डावा हात फार तयार आहे." मामा हात धुवायला पळाला आणि साबणाची अख्खी वडी संपवून परत आला.

परवा मी वाडीवर गेलो होतो. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलंय. मामी नव्हती. ती हमरापूरला भावाकडे गणपती रंगवायला गेली, ती दोन महिने आलेलीच नाही.

दुपारी बाराला मामाने परातभर कणीक मळली, पखवाजापाशी ठेवली आणि दार ओढून घेतलं. आम्ही दोघं ओटीवर बसलो. आतून आवाज येत होता. घाई नव्हती त्यात. पोटभर जेवणाऱ्या माणसाचा आवाज.

थांबला तेव्हा मामा उठला. त्याने नाकाला फडका बांधला, बादली घेतली, खराटा घेतला.

"आता बादली कशाला?" मी विचारलं.

त्याने दार उघडलं. आणि जो भपकारा बाहेर आला... मी तोंड दाबून अंगणात धावलो. पखवाजाच्या आजूबाजूची सगळी जमीन धोंडीने हागून भरवून ठेवली होती.

"पोटभर घालतोय त्या पयल्या दिवसापासून हाय," मामा आतून म्हणाला. खराट्याचा आवाज सुरू झाला. "खानार तो करनारच."

"मामा, खायला घालणं बंद कर ना! एवढं सोपं आहे!" मी ओरडलो.

खराटा थांबला.

"त्यांनी तेच केलं ना रे," तो म्हणाला, आणि पाणी ओतायला लागला.

मी चहा न घेताच निघालो. निडीला गाडीत बसेपर्यंत मागं वळून बघितलं नाही. तो वास मात्र अजून माझ्या शर्टाला आहे, तीनदा धुतला तरी.