येते हं

चारुता त्या दुपारी घरी आली ती फक्त गोळ्या न्यायला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी सकाळी ओट्यावरच राहिली होती आणि ऑफिसात तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. सिविल लाइंसहून ई-रिक्षा करून ती ओरछा गेटाशी उतरली. ज्येष्ठातली भाजणारी लू सुटली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बंद दारांमागे कूलर घरघरत होते, तेवढाच आवाज.

दार दुर्गानं उघडलं. चारुताच्या पाच वर्षांच्या आभाला दिवसभर सांभाळायला ठेवलेली ही बाई पलीकडच्या गल्लीत राहायची. चारुताला पाहून ती दोन पावलं मागे सरली.

"काय भाभी, तुम बाहर कबै गईं? अबै तो भीतर हतीं. बाल सुखा रईं हतीं."

"मैं? मैं तो ऑफिस से आ रही हूँ."

"हओ..." दुर्गा हसली. हसणं ओठांतच राहिलं. उन्हानं आपलंच डोकं फिरलं असेल, असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली.

आत कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास होता आणि त्यात शिकेकाईचा. शिकेकाईनं न्हाऊन केस वाळवत बसणं चारुताला नोकरी लागल्यापासून जमलं नव्हतं. आता तर केस विंचरले की कंगव्यात पुंजके येत. मोरीपाशी दोन उष्टी ताटं होती. एक आभाचं, छोटं. दुसऱ्याच्या काठाला कढीपत्त्याची पानं ओळीनं लावून ठेवलेली. अशी पानं त्या घरात एकच माणूस लावायचं. ती स्वतः. आणि ती तर दुपारचा डबा ऑफिसातल्या टेबलावर चार घासांत संपवायची, तोही जमेल त्या दिवशी.

आभा चटईवर चित्र रंगवत होती.

"आभा, इथे कोण जेवलं?"

"तुम."

"मी कधी आले?"

पोरीनं मान वर केली नाही. "तुम ही तो बोलती हो. येते."

घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे सासूबाईंनी, शारदाबाईंनी, चारुता लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिला बजावलं होतं. 'जाते' म्हणायचं ते कायमचं जाणाऱ्यानं. सासूबाई गेल्या, रीत राहिली. रोज सकाळी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून चारुता ओरडायची, "येते हं!" तिचा नवरा मकरंद ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होता. तो तिच्याही आधी "येतो" म्हणून बस गाठायला पळायचा.

आभाला मराठी कळायची, पण शब्दापुरती. शाळा हिंदी, गल्ली हिंदी. येते, म्हणजे आती हूँ. म्हणजे आई आत्ता येणार. सुरुवातीला ती दुपारपर्यंत दारामागे उभी राहून रडायची. मग एक दिवस रडणं थांबलं. पोरीला सवय झाली, असं चारुतानं धरलं. तिला हायसं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मकरंद कमरेला पट्टा बांधून पलंगावर आडवा होता. कमरेच्या गोळ्या उशाशी.

"तुझंच काय घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "मलाही सांगते ती. बाबा दुपारी घोडा होतात म्हणे."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, होत असतील. मला वाकून चप्पल घालता येत नाही, घोडा कसला..." तो हसला आणि हसता हसता कण्हला.

"मक्या, मला भीती वाटते रे."

"चार दिवस सुट्टी घे."

"मागितली. मॅनेजर म्हणतो, ऑडिट होऊ द्या मॅडम. डॉक्टर म्हणतो, आराम कीजिए. आराम कुठून आणू, ते दोघांपैकी कुणी सांगत नाही."

आभाला निजवताना तिनं हळूच विचारलं, "दुपारी येते ती आई कशी आहे ग?"

"अच्छी है. उसका सिर नहीं दुखता."

"आणि मी?"

पोरीनं विचार केला. "तुम जाती हो."

दुसऱ्या दिवशी मकरंद बस चुकेल म्हणून धावत निघाला. मागून चारुता निघाली. गोळ्यांची पट्टी तिनं आठवणीनं पर्समध्ये टाकली. उंबऱ्यात थांबली. हे आज थांबवायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

"आभा, जाते मी."

आभानं रंगाचा खडू खाली ठेवला.

"येते नहीं?"

"नाही. जाते."

"पक्का?"

"पक्का."

"अच्छा," आभा म्हणाली आणि पुन्हा खडू उचलला.

सकाळभर चारुताचं डोकं दुखलं नाही. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. अंग हलकं वाटत होतं, फार हलकं. दुपारी तिला राहवेना. कुणालाही न विचारता ती उठली. कुणी हटकलंही नाही.

गल्लीच्या तोंडाशी दुर्गा भेटली. काखेत गाठोडं.

"भाभी! अबै तो तुमने छुट्टी दै दई, पाछें काय आ गईं?"

"कैसी छुट्टी?"

"तुमई ने कई, नौकरी छोड़ दई, अब घरई रैहों..." बोलता बोलता दुर्गा जवळ आली. चारुताच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग पदर डोक्यावरून ओढून ती झपाझप निघून गेली. मागे वळली नाही.

घराला आतून कडी होती.

"आभा... दार उघड, बाळा."

आतून हसणं ऐकू आलं. आधी पोरीचं. मग पुरुषाचं, मोकळं, पोटातून आलेलं. लग्नाआधी मकरंद असा हसायचा. फरशीवर गुडघ्यांचा आवाज, टप टप टप. घोडा चालला होता.

तिनं फोन लावला. मकरंदनं तो लगेच उचलला. त्याच्यामागे यंत्रं धडधडत होती.

"कुठे आहेस?"

"कारखान्यात. का ग?"

"सकाळी निघताना आभाला काय म्हणालास?"

"घाईत होतो ग... जातो म्हणालो बहुतेक. का?"

तिनं फोन कानावरून खाली घेतला. आत घोडा थांबला होता. मग चारुताचाच आवाज आला. भरल्या पोटाचा, झोप झालेला.

"आभा, कोण आलंय ग दारात?"

छोटी पावलं दारापर्यंत आली. फटीशी थांबली.

"कोई नहीं, आई. जो जाती है, वो."

चारुता पायरीवर बसली. भर उन्हातली दगडी पायरी. तिला चटका लागला नाही.

दाराखालच्या फटीतून काहीतरी सरकत बाहेर आलं. तिच्या गोळ्यांची पट्टी. तिनं पर्स उघडून पाहिली. पर्समध्ये पट्टी नव्हती.

मग त्याच फटीतून दुसरी पट्टी आली. मकरंदची, कमरेच्या गोळ्यांची.