कुंकू लागलेला कॅमेरा

ठाकुर्लीच्या नयन भोईरच्या इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगच्या दुकानात योगिनी शिरली, तेव्हा ती इतकी दमलेली होती की तिला बघून छताच्या पंख्यालाही जांभई आली. मूठ उघडून तिने काउंटरवर एक बोर्ड ठेवला. काड्यापेटीपेक्षा लहान, वर वाटाण्याएवढा कॅमेरा.

"तीन दिवस झाले. ह्यात कोड जातच नाही."

नयनने सोल्डरिंग गन बाजूला ठेवली. बोर्ड पाहिला, मग तिला पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"कोड भरताना ह्या दोन पिना वायरने जोडायच्या, ताई. भरून झाला की वायर काढायची, रिसेट दाबायचं."

"ताई नको. आधीच सगळं घर माझ्या गळ्यात आहे."

"मग?"

"योगिनी."

घरी दोघीच, ती आणि आई. आई, शेवंतीबाई, हल्ली गॅस पेटवून विसरायच्या, दार उघडं टाकून जिन्यात जाऊन बसायच्या. सोमवारी योगिनीची रजा संपत होती. तिच्या कोलशेतच्या कारखान्यातून आई फोनवर दिसली नाही, तर नोकरी सोडायची, असं तिने ठरवून टाकलेलं.

रविवारी नयनने घरी येऊन बोर्ड फळीवर बसवला. फोनवर आई दिसू लागली, अडखळत, तुकड्या-तुकड्यांनी.

"आवाज नाही?"

"ह्याला नुसता डोळा आहे. कान नाहीत."

"सुखी आहे," योगिनी म्हणाली. नयन हसला आणि निघताना चप्पल उलटी घालून गेला.

सोमवारी अकरा वाजता तिने कारखान्यात फोन उघडला. पांढरा पडदा. पुन्हा उघडला... पांढराच. तिने नयनला फोन लावला.

"मेलो. मी घरातल्या वायफायवरच टेस्ट केलेलं गं. बाहेरून बघायचा रस्ता द्यायचाच राहिला."

"नयन, आई एकटी आहे."

"निघालो."

त्याची बाईक अशी सुटली की वाटेतले स्पीडब्रेकर अंग चोरून बसले. दहा मिनिटांत त्याचा फोन आला, "काकू ठीक आहेत. मी इथेच बसून करतो." एक वाजता पडदा उघडला, पण लालभडक. योगिनीने लगेच पुन्हा नयनला फोन लावला.

"लाल का दिसतंय सगळं? आग लागलीय का?"

"कुंकू आहे. घरात नवीन वस्तू आली म्हणून काकूंनी सकाळी पूजा केली. बरोब्बर डोळ्यावर बोट टेकवलंय. हळदपण आहे थोडी."

मग पडद्यावर शर्टाचं टोक आलं, मग भोपळ्याएवढं नाक. नाक मागे सरकलं तेव्हा आई दिसली, त्याला भात वाढताना. तो तिला काहीतरी म्हणाला. एका चित्रात आईचं तोंड मिटलेलं, पुढच्या चित्रात ती पदर तोंडाला लावून हसत होती. वर्षभरात योगिनीने हे पाहिलं नव्हतं. कामावरची कांता दोनदा ओरडली, तरी तिने फोन खिशात टाकला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली. आई झोपलेली. नयन भिंतीला टेकून बसलेला.

"अजून गेला नाहीस?"

"उठून गेलो असतो तर तुला फोनवर दिसलं असतं."

"आई कशाला हसली रे?"

"मी विचारलं, रोज आलो तर चालेल का. तर म्हणाल्या, कॅमेरा बिघडला नाही तरी येशील?"

"मग काय सांगितलंस?"

"येईन म्हटलं." तो जमिनीकडे बघत बोलला. "कॅमेऱ्यासाठी नाही... तुझ्यासाठी."

योगिनीने पर्स खाली ठेवली. खांद्यावर पट्ट्याचा वळ उमटला होता. "नयन, मी फार दमलेय रे. कोणावर प्रेमबिम करायला अंगात जीवच उरलेला नाही."

"मग तू बस," तो उठत म्हणाला. "सध्या मी एकटा करतो. चहात साखर किती?"

"दोन चमचे," ती म्हणाली, आणि बऱ्याच महिन्यांनी, स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज ऐकूनही जागची उठली नाही.