मास्तरांचा गज चुकला का?

एलियास मास्तरांचं पत्र येऊन एकवीस दिवस झाले होते आणि काशिराम ठाकूरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चार ओळींचं होतं. 'तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. माझा गज चुकला का, एवढंच खरं लिहून पाठवा. वृंदाच्या समितीपुढे ठेवीन. माझा स्वतःवरचा भरवसा उडाला आहे.'

काशिराम निवृत्त ग्रंथपाल. व्हायोलिनच्या गजातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणत त्यांनी ते पत्र शब्दकोशात ठेवून दिलं होतं. येत्या रविवारी समिती मास्तरांची पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य व्हायोलिनवादकाची जागा, दुसऱ्याला देणार, हे गुरुवारी कानावर आलं तेव्हा ते पत्र घेऊन अनुया कर्णिककडे गेले. अनुया नवीन पनवेलमध्ये खाजगी तपासाची कामं करायची. जुनी कागदपत्रं धुंडाळायला ती काशिरामांना बरोबर घेत असे.

तिने पत्र वाचलं आणि तारीख पाहिली.

"एकवीस दिवस, काका?"

"मला खात्री नव्हती."

"मग तसं लिहायचं. तो माणूस रोज पोस्टमनची वाट बघत असेल."

तिने त्यांना त्या संध्याकाळबद्दल जे आठवतं ते सांगायला लावलं.

तालमीच्या हॉलचं छप्पर गळत होतं. त्याच्या दुरुस्तीच्या मदतीसाठी पनवेलच्या हौशी वाद्यवृंदाने कार्यक्रम ठेवला होता. गावातले ओळखीचे लोक पाहुणे संचालक म्हणून एकेका गाण्यापुरती छडी हातात घेणार होते. एका डॉक्टरांच्या खिशात गाण्याच्या मध्यावर फोन वाजला. दोन्ही हात खिशात घालून ते फोन शोधत बसले, पण गाणं ऐटीत पुढे गेलं. त्यांच्यानंतर सत्यवतीबाई आल्या. उरणच्या कोळीण, मासळीच्या व्यापारी. त्यांच्यासाठी कोळी ठेक्याची एक चाल बसवली होती. ती बारा-पंधरा ओळींतच विस्कटली. लोक हसले. बाईंनी छडी खाली ठेवली आणि त्या सरळ बाहेर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चिटणीस शैलेश दळवीने मास्तरांना लिहिलं की वयामुळे त्यांच्या हातून चूक झाली, त्यांनी आता विश्रांती घ्यावी. मास्तर ठाण्याला ओर्ली नावाच्या लेकीकडे निघून गेले.

"विस्कटलं ते कुठून?" अनुयाने विचारलं.

"मागून. असं मला वाटलं. मास्तरांच्या आसपासचे सगळे एकत्रच वाजवत होते. पण माझा कान काही..."

"तुमच्या कानाचं नंतर बघू. मास्तर बसले कुठे होते?"

"नेहमीच्याच जागी. रंगमंचाच्या डाव्या टोकाला, सगळ्यांच्या जरा पुढे, वृंदाकडे अर्धे वळून. पाहुणे मध्ये. मागची रांग उजवीकडे, पायरीवर."

दोघं उरण नाक्याच्या मासळी बाजारात गेले. सत्यवतीबाई ताडपत्रीखाली बसल्या होत्या. अनुयाला बघून उठल्या, तेव्हा डोकं लागू नये म्हणून त्यांना मान वाकवावी लागली.

"आता काय ऱ्हायलंय?" त्या म्हणाल्या. "बाजारात गिऱ्हाईक येतं न् हात हलवून दाखवतं मला. पापलेट मागायच्या आधी."

शैलेशभाऊंनी त्यांना सांगितलं होतं, नाचताना तुमचा हात चालतो तसाच चालवा, जलद, घाबरू नका. तालमीत त्यांनी तेच केलं होतं आणि तेव्हा कोणी चुकलं नव्हतं. कार्यक्रमात त्यांना चौरंगावर उभं केलं, एवढाच काय तो फरक.

"तुम्ही मागितला होता का चौरंग?"

"मी कशाला मागू? गनपती हाय का मी, चौरंगावर बसवायला? आमी जिमिनीवरच उबं ऱ्हातो." मग आवाज खाली आला. "मास्तरांना सांगा, माज्यामुळं झालं असंल तर माफी. पन मला नाय वाटत माज्यामुळं झालं."

संध्याकाळी हॉलमध्ये तालीम होती. मास्तरांच्या खुर्चीत शैलेश आधीच बसला होता. एरवी तो त्यांच्या शेजारी दुसरं व्हायोलिन वाजवायचा.

मागच्या रांगेतल्या चारुताला, क्लॅरिनेटवालीला, अनुयाने दारातच गाठलं. आपण सगळे पाहुण्यांच्या छडीकडेच बघतो, असं ती पाठ केल्यासारखं म्हणाली आणि आत गेली. ड्रमवाल्या भगवानने तेच शब्द वापरले, फक्त अनुयाकडे न बघता.

शैलेश मात्र मोकळेपणाने बोलला. मास्तर म्हणजे गुरुस्थानी, पण हात थरथरतो, काय करणार. बाईंची नाचक्की नको म्हणून त्याने व्हिडिओही ग्रुपवरून काढून टाकला होता.

"आणि चौरंग?"

"मीच आणला, मध्यंतरात. बाई बुटक्या. मागच्या प्रेक्षकांना दिसायला नकोत? तेवढा विचार आपणच करायचा."

काशिरामांना रंगमंचावरच्या बाई उंच दिसल्या होत्या. चौरंगामुळे असेल, असं तेव्हा त्यांनी स्वतःला समजावलं होतं. ते आताही गप्प राहिले असते, पण अनुया त्यांच्याकडे बघत होती.

"बाई बुटक्या नाहीत," ते म्हणाले. "तुझ्याएवढ्या आहेत, शैलेश."

अनुया मध्यभागी, पाहुण्यांच्या जागी जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर खिशात हात घालून उभे होते, तरी गाणं चाललं. म्हणजे तुम्ही पाहुण्यांकडे बघत नाही. मग कोणाकडे बघता? चारुता, तू सांगतेस की मी सांगू?"

चारुताने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "मास्तरांच्या गजाकडे," ती म्हणाली. "नेहमीच. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून बाहेर बोलायचं नाही, असं ठरलंय."

"म्हणूनच त्यांची खुर्ची पुढे आणि वळलेली. पायरीवरून पाहुण्याच्या खांद्यावरून ते दिसतात. तालमीत बाई जमिनीवर होत्या. त्यांचा हात जलद चालला तरी कोणाचं बिघडलं नाही, कारण सगळे मास्तरांच्या संथ लयीत होते. कार्यक्रमात काय झालं?"

"मास्तर दिसेचनात," भगवान म्हणाला. "समोर चौरंगावर बाईच. मग बाईंच्या हाताची लय धरली."

"मागची रांग बाईंबरोबर जलद गेली, पुढची मास्तरांबरोबर संथ राहिली. बाई सांगितलं तसंच करत होत्या आणि मास्तरही बसवलं तसंच वाजवत होते. मास्तरांचा गज चुकला असता तर आधी त्यांच्या शेजारचे चुकले असते. ते चुकले नाहीत. काकांनी ते ऐकलंय."

ती शैलेशकडे वळली. "उंच बाईला बुटकी म्हणून चौरंगावर चढवलं कोणी? तू. हात जलद चालवा म्हणून शिकवलं तू. व्हिडिओ काढून टाकला तू. वृंद कोणाकडे बघतो हे समितीला माहीत नाही, वाजवणाऱ्यांना माहीत आहे, आणि मास्तर चुकले असं पत्र लिहिणारा वाजवणारा एकच. त्या पत्रानंतर रिकामी झालेली खुर्ची आत्ता तुझ्याखाली आहे."

"अकरा वर्षं मी दुसरं व्हायोलिन वाजवतोय," शैलेश म्हणाला. "ते उठतच नव्हते. आणि एक गाणं बिघडलं तर बिघडलं. मासे विकणारी बाई, तिला काय फरक पडतो?"

"ऊठ," भगवान म्हणाला. आवाज चढवला नव्हता. शैलेश उठला.

समितीपुढे आम्ही सगळं सांगू, असं चारुता म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. अनुयाचा चेहरा निवळला नाही.

"वीसेक जणांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तुम्ही मास्तरांकडे बघता आणि त्या दिवशी ते दिसले नाहीत. एकाने तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. उद्या सकाळी आधी उरण नाक्यावर जा. बाईंची माफी मागा, बाजारात, सगळ्यांसमोर."

बाहेर आल्यावर काशिराम शैलेशबद्दल बोलत राहिले. एवढा राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता.

"त्याच्यावर रागावणं सोपं आहे, काका," अनुया म्हणाली. "खुर्ची मिळेल मास्तरांना. ते तीत बसतील का? त्यांना वाटतंय, आपला हातच गेला. समितीने कितीही ठराव केले तरी ते त्यांच्या मनातून जाणार नाही. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं."

शुक्रवारी पोस्ट उघडायच्या आधी काशिराम दारात उभे होते. घरून लिहून आणलेल्या कागदावर अर्धं पान उशिराबद्दल होतं. प्रकृती, संकोच, संगीतातलं अज्ञान. बाकावर बसून त्यांनी ते पुन्हा वाचलं, फाडलं आणि नवा कागद घेतला.

'मास्तर, तुमचा गज चुकला नाही. तुमच्या शेजारचे सगळे शेवटपर्यंत तुमच्याबरोबर होते. गोंधळ मागून आला. मी ते त्याच संध्याकाळी ऐकलं होतं आणि ऐकूनही गप्प बसलो. हे पत्र समितीपुढे ठेवा, माझ्या गप्प बसण्यासकट.'

स्पीड पोस्टच्या खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"ठाण्याला उद्या पोचेल?" काशिरामांनी विचारलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत. पाठवायचं ना?"

"पाठवा," काशिराम म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.