निळ्या पाण्याचे विरजण

रंगाच्या कारखान्यामागे सांडपाण्याचे एक तळे होते. त्याचे पाणी इतके दाट निळे होते की, त्यात टाकलेला खडा बुडताक्षणीच दिसेनासा होई. एका सकाळी याच तळ्याच्या काठावर दोघा भावांपैकी थोरल्याची टोपी सापडली. गळ टाकून झाले, पाणबुडे उतरवून झाले; थोरला काही हाती लागला नाही. तेव्हापासून त्याची पत्नी ना सधवा होती ना विधवा.

धाकटा त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. तो भेटीस गेला की वहिनी एवढेच विचारी, "भाऊजी, पाणी कधी निवळेल? एकदा तळ दिसू दे. मग मी रडायला मोकळी."

पाणी निवळण्याची सारी भिस्त प्रयोगशाळेतील बाईंवर होती. रंग खाऊन पचवणारे जिवाणू त्यांनी तळ्याच्याच गाळातून वेचून काढले होते. परंतु ते वाढावयास तयार नव्हते. बाईंनी ऊब कमी-अधिक केली, हवा सोडली, साखर घातली, आंबटपणा मारला. तळ्याच्या पाण्यात जिवाणू सोडलेल्या कॅनमधील द्रव आपला निळा तो निळाच.

"एवढ्या सरबराईनं रुसलेला जावईसुद्धा हसला असता," तळ्यावरचा पंपवाला म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

अशातच प्रयोगशाळेचे उबेचे कपाट बिघडले. बाई म्हणाल्या, "कॅन घरी न्या. अंगाएवढी ऊब राहिली म्हणजे झालं." धाकट्याची खोली पत्र्याची आणि थंडगार, म्हणून तो कॅन घेऊन वहिनीकडे गेला. वहिनीने विरजण झाकावे तशा मायेने तो चुलीशेजारी ठेवला, आणि त्यावर थोरल्याचा लोकरी स्वेटर चढवून गुंड्या लावल्या.

"हे काय, वहिनी?"

"ऊब हवी म्हणालात ना? ह्यांच्याइतकं उबदार दुसरं काही नाही घरात."

सकाळी द्रव पाण्यासारखा नितळ झाला होता. तळाशी मऊ, करडा साका बसला होता. आणि कॅनवरील स्वेटर छातीपाशी किंचित वर येत होता, खाली जात होता.

"जिवाणूंचा वायू होतो," धाकट्याने समजावले.

बाईंनीही तेच सांगितले. मात्र सांगताना त्यांनी कॅनचे सैल, वायू कोंडू न देणारे झाकण दोनदा फिरवून पाहिले. मग त्यांनी तेवढीच ऊब कांबळ्यात दिली, कापसात दिली, नव्या कोऱ्या स्वेटरातही दिली. जिवाणू वाढले नाहीत. जुन्या स्वेटरात घातले, की वाढत.

"कारण मागाहून शोधू," बाई हळूच म्हणाल्या. "आधी तळं."

कॅनमागून कॅन वहिनीच्या चुलीशेजारी तयार होऊन तळ्यात रिकामे होऊ लागले. पाण्याची निळाई वरून विरत चालली. नवल एवढेच, की वहिनीने पाण्याविषयी विचारणे सोडून दिले. ती आता कामे करताना गुणगुणत असे. तिला धीर आला, असे धाकट्याने मनाशी ठरवले, आणि त्याला बरे वाटले.

एका दुपारी तळ दिसला.

सारा कारखाना काठावर लोटला. गाळ सपाट होता. हाड नव्हते, कापडाची चिंधीही नव्हती.

मधोमध थोरल्याचे बूट होते. शेजारी-शेजारी, टाचा जुळवून, घरी आलेला माणूस उंबऱ्यापाशी काढून ठेवतो तसे.

पंपवाल्याने आकड्याने ते ओढून काढले.

धाकटा बूट घेऊन वहिनीकडे गेला. तिला कसे सांगावे, याची वाक्ये त्याने वाटभर जुळवली होती. दार उघडेच होते.

"वहिनी, तळ दिसला. दादा नाही तिथं. फक्त बूट..."

"नाड्या सोडलेल्या होत्या ना?"

त्याने पाठीमागचे बूट पुढे घेऊन पाहिले. नाड्या सुटलेल्या होत्या. बूट तर त्याने तोवर पाठीमागे धरले होते.

"हळू बोला, भाऊजी," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

शेवटचा कॅन सकाळीच तळ्यावर गेला होता. चुलीशेजारी खुर्ची होती. खुर्चीवर नुसता स्वेटर होता, गुंड्या लावलेला.

तो छातीपाशी वर येत होता, खाली जात होता.

धाकट्याने बूट अलगद उंबऱ्यापाशी ठेवले. तेवढा आवाज झालाच. स्वेटर क्षणभर थांबला. मग कूस बदलून पुन्हा संथ लयीत चालू लागला.